बुडख्याचा राखणदार

नोव्हेंबरात इथे दुपारी तीनलाच दिवा लावावा लागतो.
वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही पाचजण,
हीटरवर वाळत घातलेले लोकरी मोजे,
वेलचीचा गोड पाव, किटलीभर कॉफी,
आणि वीस बाजूंचा तो हिरवा फासा
ज्याच्या सतराच्या आकड्यावर कुणाचा तरी दात उमटलाय.

आज लढवय्ये नकोत, मी म्हटलं, जादूगारही नकोत.
प्रत्येकाने एकेक राखणदार करायचा,
झाडाचा, पाण्याचा, दगडाचा, ज्याचा त्याचा.
नियम एकच:
आपल्या जागेपासून शंभर पावलांपलीकडे गेलं
की अंगातलं बळ ओसरायला लागतं.

सायमीने दलदल घेतली,
पिवळ्या बेरींची, फळ्यांच्या पायवाटेखालची,
तिच्या काकाचा डावा बूट अजून जिच्या पोटात आहे ती.
राखणदारणीचं बळ दोन, चिकाटी अठरा.
बोलते कशी, मी विचारलं.
सायमीने ओठांनी एक बुडबुडा फोडला.
पुरे. लिहून घेतलं.

टार्मोला वादळ व्हायचं होतं.
तेरा वर्षांचं पोर, वादळच होणार.
पण वादळाला जागा कुठली, शंभर पावलं मोजायची कुठून,
यावर अर्धा तास वाद, एक कप सांडला,
शेवटी ठरलं: स्वतःच्या मध्यापासून.
टार्मो खूश. मला अजून पटलेलं नाही.

इल्ताने केला फांदीवरून लोंबणाऱ्या राखाडी शेवाळाचा म्हातारा,
हवा बिघडली की सगळ्यांच्या आधी खोकणारा.

आणि रेइयो.
रेइयोने अठ्ठावीस वर्षं जंगलात यंत्र चालवलं,
मिनिटाला एक झाड: धरायचं, कापायचं, सोलायचं, आडवं.
कागदाची गिरणी बंद पडली,
आता गुरुवार रिकामा असतो म्हणून येतो.
कानामागची पेन्सिल काढून त्याने विचारलं,
"वय लिहायचं ते वर्षांत, की वलयांत?"
वलयांत, मी पटकन म्हटलं.
नियमांत तसं काहीच नव्हतं.

त्याने लिहिलं: एकशे एकेचाळीस.
झाड: नाही. बुडखा.
बळ: खोडलं. चपळाई: खोडली.
शक्तीच्या रकान्यात,
यंत्राच्या नोंदवहीत लिहावं तशा आखीव अक्षरांत:
मुळं अजून पाणी ओढतात.
कशासाठी, माहीत नाही.

मग खेळ. मी लाकूडतोड्या आणला ठरल्याप्रमाणे,
आवाज जाडा करून, खांद्यावर साखळीची करवत.
वादळ सुटलं, फासा गडगडला, चौदा.
दलदलीने घोटा धरला.
म्हातारा खोकला.
रेइयो, तुझी पाळी.

त्याने फासा उचललाच नाही.
माझ्या लाकूडतोड्याकडे बघून म्हणाला,
"साखळीला धार कधी लावलीस?
बोथट असली की वेळ लागतो रे.
दोघांनाही."

माझा जाडा आवाज कुठे गेला कोण जाणे.
लाकूडतोड्यासाठी चार वाक्यं तयार होती माझ्याकडे,
एकही कामाचं नव्हतं.
मी म्हटलं, तो बसतो. बुडख्यावरच.
टेकायला दुसरं काही उरलेलं नाही.
"बसू दे," रेइयो म्हणाला.
आणि टार्मोने, कुणी न सांगता, वारा पाडला.

याचे गुण किती?
पुस्तक चाळलं. राक्षस मारल्याचे आहेत,
खजिन्याचे आहेत, कुलूप उघडल्याचेसुद्धा.
मी सगळ्यांना दहा-दहा दिले आणि मोकळी झाले.

सात वाजता मोजे परत पायांत, दमटच.
इल्ताने कप विसळले.
रेइयोने टेबलावरची पेन्सिलीची सालपटं
तळहाताच्या कडेने गोळा केली,
कचऱ्याच्या टोपलीपर्यंत गेला,
थांबला,
आणि कोटाच्या खिशात घातली.