प्रगतिपुस्तक

सालमियाच्या शाळेत आम्ही बाकं भिंतीला लावली.
वकिलातीचा फोन आधी "थांबा" म्हणायचा,
मग नुसताच वाजत राहिला.

पासपोर्ट मालकाकडे. मालक पसार.
तोरसकरबाईंनी कपाटातली कोरी प्रगतिपुस्तकं काढली :
नाव, गाव, रक्तगट.
प्लंबर पेद्रू, आया जुलेखा,
आठव्या महिन्यातली सिसिली.
"वर्तणूक?" पेद्रूनं विचारलं.
"चांगली," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या,
"नळ तूच चालू ठेवलेस."

खालचा बेकरीवाला खुबूस मोजायचा,
पैसे नाही.

एकविसाव्या दिवशी बस.
सीमेवरच्या अधिकाऱ्यानं सरकारी कागद मागितला.
प्रगतिपुस्तक उलटंसुलटं बघितलं,
घाम पुसला,
आणि शिक्का उमटवला
एकाच रिकाम्या चौकटीत :
पालकाची सही.