डागडुजी

पाद्रीबुवांचं बोलावणं आलं
तेव्हा मी गंजिफाची पानं रंगवत होतो.
सायबिणीचा डावा हात मोडलाय, म्हणे,
हातावरचं बाळही नाही.
अंदाजानं एक बाळ कोरलं, पांगाऱ्याचं,
आणि पहिल्या एसटीनं सावंतवाडीहून निघालो.

हात कोपरापासून नव्हता.
गाल फुटलेला. फुटीत लोखंडाची एक कपची,
गंजून गंजून तिनं भोवतालचं लाकूड
तांबूस केलेलं.
चिमट्यात धरली,
तोच मागं कुणीतरी खाकरलं.

नातालीनबाय.
म्हणाली, "तां लोखंड ऱ्हवांदे."

मग पायरीवर बसून सांगत राहिली.
त्रेचाळीस सालची रापण.
दोर जड लागला म्हणून सगळे खूश.
जाळ्यात पिंपाएवढं काळं काहीतरी,
अंगभर शिंगं. कुठल्या लढाईतलं,
कुणासाठी सोडलेलं, वाट चुकून इथे.
बोंद्रू तांडेल म्हणाला, मोडीत चांगलं जाईल.

आवाज तिला आठवत नाही.
हातातली पेजेची वाटी लवंडली,
आईनं एक थोबाडीत दिली
आणि मग आई बाहेर धावली,
एवढं आठवतं.

सात माणसं. चार गाबीत, तीन किरिस्तांव.
वाळूत कुणाचं काय, ते निवडता आलं नाही,
म्हणून खड्डा एकच.
त्यावर काय उभारायचं, ह्यावर एकमत होईना.
सायबीण तेवढी होती तशी ठेवली.

"आणि बाळ?"
"तां रापणीक गेलां," म्हणाली,
शेजारचं पोर कुठे गेलं ते सांगावं तसं.

पाद्रीबुवा नवे, बदलून आलेले.
बराच वेळ चष्मा पुसत बसले.
मग मला म्हणाले,
आलाच आहात तर वाळवी तेवढी बघा.

होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचं तेल
बोळ्यानं कोपराच्या तुटीत भरलं.
लाकूड पीतच राहिलं.
कपचीला धक्का लागू दिला नाही.

आता दरवर्षी दिवाळीनंतर जातो.
मजुरीला सुके बांगडे मिळतात,
आणि आठवडाभर बोटांची सालं निघत राहतात.

ते बाळ घरी आहे,
लाकडी वांग्यांच्या, कैऱ्यांच्या फळीवर.
रंग दिलेला नाही.
गिऱ्हाइकं उचलून बघतात.
कुणी भाव विचारलाच
तर मी गंजिफा पुढे करतो.