घर ओढायचा दिवस

"घरी जायचंय मला," आई म्हणते,
घरातच, चुलीपाशी बसून,
कोटाची बटणं एकेक काज चुकवून लावलेली.

पहिल्या वर्षी मी वाद घातला.
हेच घर, आई. ही चूल तुझी,
आणि ही मी, नोल्फा, तुझी धाकटी.
ती बघायची माझ्याकडे
फेरीबोटीतल्या अनोळखी बाईकडे बघावं तशी:
अदबीनं, पर्स मांडीत ओढून घेत.

दुसऱ्या वर्षी दाराला उंचावर कडी बसवली.
तिसऱ्या वर्षी बोलणंच टाकलं.
सान्तियागोचा भाऊ दर रविवारी फोनवर
नवीन गोळी सुचवायचा. मी हो म्हणायचे.
कुणी भेटलं, विचारलं, तर: बरं चाललंय.
चौदा महिने सलग दोन तास झोप नव्हती
आणि बरं चाललं होतं.

मग आर्तेमियो मान्सिया लाकडं टाकायला आला.
आईनं त्यालाही सांगितलं,
"घर इथं नाही. ते पलीकडे,
खाडीच्या तोंडाशी, सफरचंदाजवळ."
मी डोळे मिटून घेतले.
त्यानं टोपी काढली, बसला.
"बरोबर, दोन्या देल्मिरा. तिथंच होतं.
मी सात वर्षांचा होतो.
अकरा बैलजोड्या लागल्या होत्या."

चिलोएत हे पोरासोरांनाही ठाऊक असतं.
जागा बदलायची तर घर पायातून सोडवतात,
ओंडक्यांवर चढवतात, अख्खा गाव दोर धरतो,
आणि समुद्र आडवा आला
तर भरतीच्या पाण्यावर होड्या जुंपतात.
आमचंही तसंच आणलेलं, माझ्या जन्माआधी.
जेवताना हजारदा ऐकलेली गोष्ट.
आणि तीन वर्षं मी तिला बजावत होते
की घर कधी हललंच नाही.

त्या संध्याकाळी ती बोलत राहिली.
बाप छपरावर बसून वाऱ्याला शिव्या देत होता म्हणे.
मांजर आतच राहिलं होतं, पाण्यावरून खिडकीत बसून आलं.
"इतकी माणसं जमली कशी?" मी विचारलं.
"मागितली. दारोदार जाऊन विनवणी केली."
बटाटा सोलता सोलता, वर न बघता,
"घर काय एकटीनं ओढायची वस्तू आहे?"
मला ओळखून बोलली असं नाही.
कोण्या अडलेल्या बाईला सांगावं, तसं.

योलीताच्या दारात मी आधी कोंबड्यांच्या भावाबद्दल बोलले.
मग मेंढ्यांच्या खोकल्याबद्दल.
मग ते कसंबसं तोंडातून निघालं.
"मंगळवार माझा," ती म्हणाली, आणि भांडी घासत राहिली.
बार्रियांनी दार उघडलं नाही. पडदा हलला तेवढा.
शाळेतल्या पोरीनं शनिवारची दुपार दिली,
आर्तेमियोनं रात्री. "मला तशीही झोप येत नाही."
मोबदला रिवाजाप्रमाणे: पोटभर जेवण.
मी बटाटे किसले, चरबी घातली,
कोपरापर्यंत हात पिठूळ झाले.

पहिल्या मंगळवारी योलीतानं मला तिच्या घरी पाठवलं,
तिच्याच पलंगावर. जाग आली तेव्हा अंधार होता.
भिंत चुकीच्या बाजूला. खिडकी कुठंच नाही.
रजईला दुसऱ्याच कुणाचा वास.
छाती धडधडायला लागली, आणि तोंडातून,
लहान पोरासारखं,
घरी जायचंय.

मग बाहेर तिच्या नवऱ्यानं केटली ठेवली,
आणि मला माझं नाव आठवलं.

मी धावत गेले नाही. जरा वेळ पडून राहिले तिथंच,
त्या भिंतीकडे तोंड करून.