जामीन

पाच तारीख.
पहाटेपासून फोन उशाशी टिणटिणतो.
खोली तीन, साडेसात हजार शिलिंग.
खोली अकरा, साडेसात, आणि खाली, "मॅडम, नळाचं तेवढं बघा."
खोली सहा, चार हजार. बाकीचे शुक्रवारी.
मी वहीत खुणा करते, वर्गात हजेरी घ्यायचे तशी.
गैरहजर: खोली नऊ.

घर बांधून पाहिलं,
आता भाड्यानं देऊन पाहते आहे.
रुइरूच्या तांबड्या मातीत तीन मजले, सोळा खोल्या,
आणि गच्चीवर चौथ्याच्या सळया,
आभाळात बोटं रोवून उभ्या, गंजत.
कापू नका, गवंडी म्हणाला होता,
सळया कापल्या की गावाला कळतं, मालकीण दमली.

कागदावर हिशेब सरळ होता.
शिक्षकांच्या पतपेढीत बावीस वर्षांची ठेव,
ठेवीच्या तिप्पट कर्ज,
घटत्या शिलकीवर बारा टक्के,
आणि चार जामीनदार.
तिथे पेन अडलं.
तीन मिळाले कसेबसे.
बाकीच्यांनी चष्मे पुसले.
मुख्याध्यापकांना अचानक माचाकोसला जायचं निघालं.
नेकेसा प्रयोगशाळेतून आली, हाताला स्पिरिटचा वास,
म्हणाली, "सही कुठे?"
आकडा तिनं वाचला नाही.
मी बोट ठेवून दाखवला, तरी नाही.
"तू बुडालीस, मुथेउ, तर दोघी मिळून पोहायला शिकू."

पुढे ती जास्त पगाराच्या खासगी शाळेत गेली.
शाळेनं एका सोमवारी फाटक उघडलंच नाही.
नेकेसा माझ्याकडे आली, एक गादी, एक शेगडी, एक मुलगी.
मी नऊ नंबर दिला, टाकीखालचा, थोडा ओलसर.
अनामत घेतली नाही.
माझा भाऊ अजून ते बोलून दाखवतो.

आज ओचोला दारात उभा, हातात कुलूप.
दोन महिने झाले, मॅडम. लावू?
नियम सगळ्यांना सारखा, तुम्हीच सांगितलं होतंत.
सहा नंबरवाला जिन्यातून बघतोय.

थांब म्हटलं, आणि वही उलटी उघडली.
पंप जळला, तीन टँकर पाणी विकत घेतलं,
दोन खोल्या रिकाम्या, वर घरभाड्यावरचा कर.
हप्ता दहा तारखेला.
हप्ता चुकला तर पतपेढी कापते
जामीनदारांच्या ठेवीतून.
म्हणजे नेकेसाच्या.
तिनं भाडं दिलं नाही म्हणून
तिच्याच ठेवीतून.

मग आणखी एक ओळ दिसली,
सहा वर्षं रोज समोर होती ती.
जामीन राहिलेल्याला
आपली ठेव काढता येत नाही,
कर्ज फिटेपर्यंत.
म्हणजे तिचे पैसे आहेत.
इथेच आहेत.
या भिंतीत, या जिन्यात,
तिच्या मुलीच्या डोक्यावर गळणाऱ्या टाकीच्या पायात.

ओचोला अजून उभा.
नऊ नंबरला कुलूप तर कधीचंच आहे,
त्याला कसं सांगू,
आणि त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये.

चौथ्या मजल्याचे पैसे वेगळे ठेवले होते,
सिमेंटवाल्याला शब्द दिला होता.
मुद्दलात भरले तर एक जामीन सुटतो.
एकच. मी दोनदा हिशेब केला,
दुसऱ्यांदा चुकावा अशी इच्छा धरून.

"कुलूप ठेव," म्हटलं, "करवत आण."

दुपारभर गच्चीवर लोखंड किंचाळत होतं.
सळया भंगारात गेल्या, आले सव्वीसशे.
सगळ्या गल्लीला कळलं, मालकीण दमली.

संध्याकाळी नेकेसा वर आली, कानांवर हात ठेवून.
मी पतपेढीचं काही बोलले नाही.
ती म्हणाली, "भाडं शुक्रवारी दिलं तर चालेल?
निम्मं तरी."
चालेल, म्हटलं.
घेणार आहे मी ते. हप्ता अजून आहेच.

वहीत गैरहजर खोडलं.
लिहिलं, उशिरा.