बॅगेचं तिकीट

खडकी बाजारच्या स्टॉपवर कंडक्टर म्हणाला,
हिचं तिकीट काढावं लागेल.
हिचं म्हणजे माझ्या बॅगेचं.
आत दोन पॅड, किकर, हेल्मेट, छातीचं कवच
आणि तीन वर्षांचा असा घाम
की भरल्या बसमध्येही तिच्याभोवती जागा होते.

सेल्वी म्हणाली, काका, लगेज नाहीये हे,
आमची खेळाडू आहे.
मग तर फुलच, तो म्हणाला,
आणि मशीनमधून तिकीट काढून माझ्या हातावर ठेवलं.

पंधरा जणी. स्टिका पायांमध्ये उभ्या.
बोपोडी गेली, दापोडीचा पूल आला,
नदीचा वास आला तशा सगळ्यांनी नाकाला जर्सी लावल्या
आणि जर्सीचा वास त्याहून वाईट
म्हणून परत काढल्या.
पुढच्या सीटवर नटराजन सर.
कारखान्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली,
अजून भोंग्याच्या आधी उठतात
आणि आम्हालाही उठवतात.

आमचं मैदान मुरमाचं.
चेंडू तिथं सरळ जात नाही, चौकशी करत जातो.
कुठल्या दगडावर तो डावीकडे वळेल
हे फक्त आम्हाला माहीत. तेवढंच आमचं डावपेच.
नेहरूनगरला टर्फ.
तिथं ओळखीचा एकही खड्डा नाही.

म्हणून महिनाभर मंगल कार्यालयात सराव केला.
चातुर्मासात लग्नं नसतात, फरशी गुळगुळीत,
आगटे काकांची अट एकच :
बोहल्यावर बुटांनी चढायचं नाही.
चेंडू दोनदा पंगतीच्या टेबलांखाली,
एकदा थेट भटारखान्यात, कढईत. टण्ण.
मी गोल म्हणून उभी राहायचे
ती जागा वधूपक्षाच्या खोलीचं दार.

याच हॉलमध्ये मार्गशीर्षात वैजयंतीचं लग्न.
वैजयंती थोपटे, कॅप्टन, सेंटर हाफ.
सासरचे चांगले आहेत, ती सांगते.
खेळाचं लग्नानंतर बघू म्हणाले.
बघू.
माझ्या आईनंही शिवणाच्या क्लासचं असंच बघितलं होतं.
अजून बघतेय.

कासारवाडी. सिग्नलला बस थांबली.
पहिला सामना त्यांच्याशीच,
गेल्या वर्षी सात गोल घातले त्यांनी.
सातही मला पाठ आहेत, पाढ्यासारखे.
चौथा माझ्या पायांमधून गेला होता,
तो म्हणताना मी अजून अडखळते.

मागे वळून पाहिलं
तर वैजयंती स्टिकला नवी ग्रिप गुंडाळतेय.
पिवळी. दुकानाची चिठ्ठी अजून मांडीवर.
स्टिक जुनी, सामने फार तर तीन,
हरलो तर एकच.
एवढ्यासाठी कुणी नवी ग्रिप घेतं का?
विचारलं नाही.
ती एक वेढा ओढायची, अंगठ्यानं दाबायची,
मन भरलं नाही की सोडवून पुन्हा.

नेहरूनगरला उतरलो तेव्हा
मैदानावर पाणी मारत होते.
बदाबदा. चारी बाजूंनी.
आमच्याकडे टँकर येतो तो धूळ बसवायला,
तोही सरांनी चार वेळा फोन केल्यावर.
रुक्साना म्हणाली, एवढ्या पाण्यात आमची गल्ली आठवडा काढेल.
सर म्हणाले, तिकडं नको बघू, बूट बांध.

पॅडचा मागचा पट्टा मला एकटीला लागत नाही.
वैजयंतीनं गुडघ्यावर बसून लावला,
नेहमीसारखा एक भोक जास्त घट्ट,
आणि म्हणाली, उजवीकडे तुला झोप लागते, बघ.

तिकीट मी हेल्मेटच्या अस्तरात खोचलंय.
फुल.
परतीचं वेगळं काढावं लागेल.