ओढ्याची लांबी

गळीत हंगाम उतरणीला लागला की रात्रपाळीला
दोन गाड्यांच्या मधे
अर्धा अर्धा तास मोकळा सापडतो.
भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी,
काट्यावर एवढंच माझं काम.
अशाच एका रात्री मोबाईलवर
मी कळकओढ्याचा लेख सुरू केला
त्या कोशात, जो कुणीही लिहावा, कुणीही खोडावा.

ओळी दोनच.
कळकओढा हा खानापूर तालुक्यातील ओढा आहे.
लांबी अकरा किलोमीटर, पावसाळा सोडून कोरडा.
चौथीत गुरुजींनी अकरा सांगितलेलं.
अकरा म्हणजे अकरा.

पाचव्या दिवशी कुणीतरी नऊ केलं.
मी अकरा.
त्यानं नऊ.
मी परत अकरा, आणि चर्चेच्या पानावर लिहिलं,
आमच्या ओढ्यात तुम्ही कशाला पाय घालताय?

उत्तर दुपारी आलं, न चिडता:
ओढा तुमचाच. आकडा कुठनं आणला, तेवढं सांगा.
आणि अकराच्या खांद्यावर, बारीक अक्षरात,
टाचणीनं टोचल्यासारखे दोन शब्द,
संदर्भ हवा.

आता मी रोज ड्रायव्हरला म्हणणार, पावती दाखव.
संचालकाच्या मेव्हण्याची गाडी असली
तरी काटा किलोभर झुकत नाही, हे मी छाती काढून सांगणार.
आणि इथं माझ्याच खिशात पावती नव्हती.

तो महबूब शिकलगार निघाला, पलूसचा,
पाटबंधाऱ्यात अठ्ठावीस वर्षं साखळी ओढलेला माणूस.
आयतवारी आम्ही दोघं ओढ्याच्या पोटातनं चाललो,
वाळू, घाणेरी, एक फुटकी घागर, मेलेला पंप.
त्याच्या पायात अजून साखळीची लय होती.
तळ्यापासनं मोजलं तर नऊ.
वरच्या झऱ्यापासनं धरलं तर पावणेअकरा,
पण झरा आटून वीस वर्षं झालेली.
आटलेलं पाणी लांबीत धरायचं का?
यावर आम्ही येरळेच्या काठावर बसून
भाकरी संपेपर्यंत भांडलो,
आणि लेखात दोन्ही आकडे घातले,
प्रत्येकाच्या मागं त्याचं कारण.

मेहुणा विचारतो, पैसे किती सुटतात?
काही नाही.
मग असलं चालतंय कसं?
मला नीट सांगता येत नाही.
एवढंच कळतं की मी बरोबर लिहिलं असतं
तर शिकलगार आला नसता.
मी लिहिलेलं कुणी कुलपात घातलं असतं, तरीही नाही.
माझं चुकलेलं अकरा उघड्यावर पडलं होतं,
येणाऱ्याजाणाऱ्याला ठेच लागेल असं.

एकदा रात्री दोन चाळीसला
कुणा पोरानं सगळा लेख पुसून लिहिलं,
पप्या लय भारी.
मी दुरुस्त करायला बोट उचललं
तेवढ्यात गाडी आली, एकोणीस टन.
वजन घेऊन परत बघतो तर ओढा जागच्या जागी.
कुणी मृदुला, गाव माहीत नाही,
तिनं चार मिनिटांत सगळं लावून ठेवलं होतं,
आणि जाता जाता माझा एक दीर्घ ऱ्हस्व केला होता.
त्या वेळी आणखी कुणीतरी जागं होतं
हे मला पगारासारखं वाटलं.

शिकलगार दिवाळीपासनं दिसत नाही.
फोन लागत नाही.
त्याची शेवटची नोंद बघितली:
एक पूर्णविराम वाढवला.
एवढ्यासाठी तो पासवर्ड टाकून आत आला होता.
परवा कुणीतरी फोटो चढवलाय,
ओढ्याला पाणी आहे, पाण्यात म्हैस आहे,
आणि फोटोखाली ओढ्याचं नाव चुकलंय.

मी अजून दुरुस्त केलेलं नाही.
हॉर्न वाजतोय, गाडी काट्यावर चढतीय.
बघू,
कुणी येतंय का.