जास्तीचा हिरवा

वेइक्को सात वर्षांचा, गोवर निघालेला,
तेव्हा भिंतीवरच्या कागदाची फुलं
वीतभर पुढे येऊन उभी राहिली म्हणे.
तेव्हापासून हेच.
आधी कापडगिरणीतून आणलेला चौकटीचा कागद, टाक, शाई;
मग पेन्शनीतून घेतलेला प्रिंटर.

'नजर सैल सोड, आउने. कागदाच्या पल्याड बघ.'
पल्याड ताम्पेरेचं गोठलेलं तळं, रेनडिअर,
एकदा, शेजारीण सांगते, माझाच चेहरा.

माझा डावा डोळा जन्मापासून निजलेला.
मला नुसते ठिपके.

काल म्हटलं, खालून नववी ओळ,
एक हिरवा जास्तीचा पडलाय.
भिंग घेऊन बसला. सापडला.
पुसला नाही.

'ठिपक्यांकडे कुणी पाहिलंच नव्हतं गं,'
म्हणाला,
आणि कॉफीचं आधण ठेवायला उठला.